खडूची रेघ

१

सोमवारी सकाळी पाच नंबरच्या खोलीतल्या पियानोचं वरचं झाकण उघडलं आणि माझं डोकंच सटकलं. कुणीतरी माझ्या खुंट्यांना हात लावला होता.

ज्यांना पियानो फक्त बाहेरून ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो. आत दोनशेवर तारा असतात. प्रत्येक तारेचं एक टोक एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेलं असतं. चावी घालून ती खुंटी केसभर फिरवली की सूर चढतो, नाहीतर उतरतो. हे केसभर फिरवण्याचं काम मी या विद्यापीठाच्या संगीत विभागात एकतीस वर्षं करतोय. पियानो चौदा, माणूस एक. पोरं मला समोर ट्यूनरकाका म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते त्यांचं त्यांना माहीत.

पाच नंबरच्या खुंट्या म्हातारपणाने सैल पडताहेत असा मला संशय होता. म्हणून या महिन्यात मी माझ्या गुरूंची, मास्तरांची, एक जुनी युक्ती पुन्हा काढली. पियानो लावून झाला की खुंट्यांच्या डोक्यांवरून खडूची एक सरळ रेघ मारायची. खुंटी जागची हलली की तिच्यावरचा रेघेचा तुकडा वाकडा दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी मारलेली रेघ सोमवारी पाहिली, तर डावीकडून निम्म्याहून जास्त अगदी सरळ. उजव्या टोकाला मात्र, वरच्या अठरा पट्ट्यांच्या चोपन्नच्या चोपन्न खुंट्यांवर, रेघेचे तुकडे तुकडे झालेले. चोपन्न खुंट्या ठरवून एकदम सैल पडत नाहीत हो! भिंग लावून पाहिलं. खुंट्यांच्या कोपऱ्यांवर ताजे चमकते ओरखडे होते. माझी चावी असे ओरखडे पाडत नाही. ते तोंड झिजलेल्या, जुनाट चावीचं काम.

लगेच त्या पट्ट्या वाजवून पाहिल्या. सूर जिथे ठेवला होता तिथेच! माझ्या कानाला तसूभर फरक लागेना. म्हणजे हा लुच्चा चोर तर चोर, वर अडाणी. इतक्या खुंट्या फिरवल्या आणि बिघडवता एकही आली नाही.

या महिन्यात रेघ मारलेल्या बाकीच्या तीन खोल्यांत धावलो. तिथेही तेच. रेघ तुटलेली, आणि तुटलेली त्याच ठिकाणी.

यामागचा डाव कळायला मला काही फार अक्कल लावावी लागली नाही. येत्या शनिवारी हॉलमधल्या मोठ्या पियानोवर बाहेरच्या एका नामांकित वादकाचा कार्यक्रम होता. त्यानंतरच्या सोमवारी समिती माझा करार वाढवायचा की नाही ते ठरवणार होती. मागच्याच महिन्यात देखभालीचं काम घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस टापटीप बूट घालून सगळ्या खोल्या बघून गेला होता. शनिवारी एक सूर जरी चुकला, तरी ट्यूनरकाका घरी आणि बूटवाला आत.

आणि घरी आहे काय? बायकोला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा परदेशात. दर रविवारी फोन करतो. त्याचं बोलणं ऐकू येतं, पण चार वर्षांची नात फोनवर आली की नुसती खरखर. या फोनचं काही खरं नाही. मी आपला 'हो का, अरे वा' म्हणतो आणि ठेवून देतो. सकाळी आठला कार्यशाळेचं दार उघडलं की मग कुठे मला मी कुणीतरी आहे असं वाटतं. ते दार बंद झालं तर उठून जायचं कुठे, हे मला खरंच माहीत नव्हतं.

चोर पकडायचा, आणि शनिवारच्या आत पकडायचा, असं मी ठरवलं.

२

विभागाच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्याला आम्ही किल्लेदार म्हणतो. दारापाशी काचेची खोली, त्यात तो, एक पंखा आणि एक जाडजूड रजिस्टर. कुठली किल्ली कुणी किती वाजता नेली ते त्यात लिहिल्याशिवाय तो सख्ख्या भावालाही आत सोडणार नाही.

"पाच नंबर शनिवारी कुणी उघडली?" मी सरळ विचारलं.

"मीच. साफसफाईला." त्याने रजिस्टर फिरवून दाखवलं. सकाळी साडेसहा, पाच नंबर, साफसफाई.

"पियानोवर शुक्रवारची माझ्या कोपराची खूण धुळीत तशीच आहे."

"तुम्हीच पाटी लावलीय ना, पियानोला हात लावू नये म्हणून? तुमच्या पियानोवर फडका मारला तरी बोंब, नाही मारला तरी बोंब!"

बोलणं बिनतोड होतं. पण मीही काही काल जन्मलो नव्हतो. "आणि स्टुलाखाली माझ्या पेन्सिलीची सालपटं पडली होती, तीही तशीच आहेत. तिथे तर पाटी नाही."

किल्लेदार पंख्याकडे बघू लागला. "राहिलं असेल," एवढंच म्हणाला. माणूस तसा सज्जन. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे ते त्याला नीट जमतही नाही. कंपनीवाल्याने याच्या खिशात काही कोंबलं असेल का? मनाला पटेना. हाच माणूस कुणाची विसरलेली छत्री सहा महिने सांभाळून ठेवतो.

तो दाराशी कुणाशी तरी बोलायला उठला तेवढ्यात मी रजिस्टरची मागची पानं चाळली. माझी डायरी खिशात असतेच. कुठला पियानो कधी लावला त्या तारखा तिच्यात होत्या. ताडून पाहत गेलो. मी मंगळवारी तीन नंबर लावला की बुधवारी सकाळी साडेसहाला तीन नंबर, साफसफाई. मी सोमवारी नऊ लावला की मंगळवारी नऊ, साफसफाई. मागचा महिना तसाच, मागचं वर्ष तसंच.

मी कपाटातलं जुनं रजिस्टरही ओढून काढलं. पानामागून पान तेच. हे गेल्या आठवड्यातलं नव्हतंच. तीन वर्षं कुणीतरी माझ्या पावलावर पाऊल टाकून चालत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

३

बूटवाला बाद झाला. तीन वर्षांपूर्वी त्याची कंपनी तरी होती की नाही, देव जाणे. उरले तिघे. किल्लेदार स्वतः, ज्याला चावी सरळ कशी धरायची तेही ठाऊक नाही. विभागप्रमुख, ज्यांना काम कंपनीला देऊन मोकळं व्हायचंय असं मला वाटत होतं. आणि तिसरी ती. तिच्याकडे नंतर येतो.

विभागप्रमुखांकडे गेलो तर सर टेबलामागे बसून पुटपुटत होते. हल्ली ते फारच पुटपुटतात.

"सर, कुणीतरी माझ्या कामात ढवळाढवळ करतंय."

"कुणाची तक्रार आलीय का?"

"तक्रार नाही, पण खुंट्या..."

सरांनी खणातून तक्रारवही काढली आणि माझ्यापुढे टाकली. "काका, हे बघा. तीन वर्षांत पियानोबद्दल एक ओळ नाही. याच जोरावर तर मी तुमचा करार समितीपुढे रेटणार आहे. शनिवारी पाहुणे खूश झाले की काम झालं. तुम्ही उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

मी चाटच पडलो. म्हणजे हा माणूस माझ्या बाजूने होता! ज्याला मला घालवायचंय तो माझी वही कशाला सांभाळून ठेवेल?

वही उघडली. शेवटची तक्रार तीन वर्षांपूर्वीची, तिच्याच अक्षरात. 'खोली पाच. वरचे सूर चढलेले आहेत. कृपया पाहावे.' तिच्याखाली माझं उत्तर, लाल पेनने, ठळक: 'पियानो ठीक आहे. तक्रारदाराने स्वतःचे कान तपासून घ्यावेत.' वाचून मला तेव्हाही मजा वाटली होती, आताही वाटली. त्यानंतर बाईंनी पुन्हा तोंड उघडलं नव्हतं.

"ते मी आणून दिलेलं सूर मोजायचं यंत्र वापरता की नाही?" सरांनी निघताना विचारलं.

"खोक्यात आहे," मी म्हणालो. "कान असताना यंत्र कशाला? हातच्या कांकणाला आरसा लागतो का?"

सर हसले. मी दारापाशी पोचल्यावर ते मागून काहीतरी पुटपुटले. ते मला कळलं नाही.

४

ती म्हणजे मास्तरांची मुलगी.

मास्तर या विभागाचे पहिले ट्यूनर आणि माझे गुरू. विसाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ती तेरा वर्षांची, दोन वेण्यांची. मला दादा म्हणायची. त्यांच्या घरी मी पोटच्या पोरासारखा वावरलो. मास्तर मला शिकवायचे तेव्हा ती दाराशी उभी राहून ऐकायची. एकदा तिनेही शिकायचा हट्ट धरला, तर मास्तर म्हणाले, "तुझे हात वाजवायचे. चावीने ते बिघडतील." मी फिदीफिदी हसलो होतो. ते हसणं तिने लक्षात ठेवलं असणार.

मास्तरांनी मला एक नेम घालून दिला. पियानो लावला की सगळ्यात खालची, डावीकडची पहिली पट्टी उचलायची आणि तिच्या लाकडी कुशीवर पेन्सिलने तारीख टाकायची. बाहेरून कुणाला दिसत नाही. "हात लावलास तिथे तारीख टाक. न टाकणारा चोर," असं म्हणायचे. ते स्वतः तारखेपुढे नाव लिहीत नसत. एक छोटी अर्धी चंद्रकोर काढून तिच्या पोटात टिंब द्यायचे. इथल्या जुन्या पियानोंच्या पहिल्या पट्ट्यांवर त्यांच्या चंद्रकोरी आहेत आणि त्यांच्याखाली माझ्या सह्या.

अकरा वर्षांपूर्वी मास्तर गेले. मी तिच्याकडे त्यांची चावी मागितली. शिष्य म्हणून ती माझीच होती. ती म्हणाली, "नाही देणार." नंतर कुणी म्हणालं, तिने सामान विकलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचं दादा म्हणणं बंद, माझं तू म्हणणं बंद. गाणाऱ्या मुलांना साथ करायला ती इथेच नोकरीला, तिची सरावाची खोली माझ्या कार्यशाळेला लागून, मधे एक भिंत. अकरा वर्षं आम्ही एकमेकांना 'नमस्कार' म्हणतोय.

मंगळवारी दुपारी मी तिचं दार वाजवलं. ती चहा पीत होती. कप डाव्या हातात, उजव्या तळव्याला औषधाची पट्टी चिकटवलेली.

"तुम्ही सकाळी लवकर येता. कुणी माझे पियानो उघडताना पाहिलंत?"

"पियानो बिघडलेत का?" तिने विचारलं.

"नाही."

"काही चोरीला गेलंय?"

"नाही."

"मग तुम्ही नेमकं कशाचा तपास करताय?"

मी म्हणालो, "कुणीतरी माझ्या पाठीमागून माझ्या कामाला हात लावतंय. याहून मोठी चोरी कुठली?"

तिने कप खाली ठेवला. "रेघेवरून कळलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "कानाने नाही."

"कसली रेघ?" म्हणत मी तडक बाहेर पडलो. कार्यशाळेत येऊन खुर्चीत बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खडूच्या रेघेबद्दल मी या जगात एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

५

तर तीच होती! अकरा वर्षांचा राग असा काढत होती. आता पुरावा हवा होता. तो हातात घेऊन शनिवारच्या आधी सरांसमोर ठेवायचा आणि बाईंची बोलती बंद करायची, असा माझा बेत होता.

बुधवारी मी सापळा लावला. आठ नंबरचा पियानो नीट लावला, आणि मधल्या सप्तकातला एक सूर मुद्दाम उतरवून ठेवला, इतका की बहिऱ्यालाही कळावा. खडूची रेघ मारली आणि घरी गेलो. बिघडवणारी बाई आयता बिघाड पाहून खूश होईल, किंवा त्यात भर घालील. काहीही झालं तरी मला कळणार होतं.

गुरुवारी आठला येऊन झाकण उघडलं. वरच्या टोकाची रेघ तुटलेली, अपेक्षेप्रमाणे. मग मधला तो सूर वाजवला. वाजवला आणि तसाच उभा राहिलो.

सूर लागलेला होता. साफ लागलेला. मी स्वतः लावला असता तर असाच लावला असता.

चोर घरात शिरतो आणि घर झाडून जातो, असं कधी कुणी ऐकलंय का? ज्याला माझं वाटोळं करायचंय तो माझी चूक दुरुस्त कशाला करील? आणि ज्याला इतकं सुरेख लावता येतं, तो वरच्या अठरा पट्ट्यांशीच दर वेळी का खेळतो? माझा सूर तिथेही बरोबरच असतो. असायलाच हवा. वरच्या टोकाला तसाही सूर कमी आणि लाकूडच जास्त ऐकू येतं.

विचाराने डोकं भणभणलं म्हणून कार्यशाळेत येऊन केटलीत चहाचं पाणी ठेवलं. ही शिट्टीवाली केटली. तिची शिट्टी वर्षभरापूर्वी बिघडली, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं, आणि तरी मी दोनदा ती कोरडी जाळलीय. खुर्चीत बसून तो मधला सूर आठवत होतो, तेवढ्यात दार ढकलून किल्लेदार आत आला. त्याने दोन्ही कानांवर हात धरले होते.

"काका! अहो, बंद करा ती शिट्टी! पाच मिनिटं झाली, दारापर्यंत ऐकू येतेय!"

मी केटलीकडे पाहिलं. तोटीतून वाफ जोरात निघत होती. खोलीत मला दुसरा काहीही आवाज ऐकू येत नव्हता.

६

किल्लेदार गेल्यावर मी कपाटातून सरांचं यंत्र काढलं. खोक्यावरची चिकटपट्टी दोन वर्षांनी फाडली.

बारा नंबरचा पियानो मी त्या आठवड्यात लावला नव्हता. तो लावायला घेतला. वरच्या अठरा पट्ट्या जीव ओतून लावल्या, एकेक तार पाचर घालून वेगळी करून, श्वास रोखून. मग यंत्र ठेवलं आणि एकेक सूर वाजवला. मधल्या सप्तकात काटा मधोमध. वर सरकत गेलो तसा काटा उजवीकडे, म्हणजे चढलेल्या सुराकडे, झुकू लागला. शेवटच्या सप्तकात तो टोकाला जाऊन आदळला. यंत्र बिघडलंय म्हणून मी आठ नंबरमध्ये गेलो. तिथे वरच्या टोकाला, चोराने हात लावलेल्या खुंट्यांवर, काटा मधोमध उभा.

मी त्या स्टुलावर बसलो. मला रडू आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, सरावाच्या खोलीत, दाराला आतून कडी लावून. केटली बिघडली नव्हती. फोन बिघडला नव्हता. सर पुटपुटत नव्हते. माझी नात वर्षभर आजोबांशी बोलत होती आणि तिचा बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. चार दिवस मी विभागभर चोर शोधत हिंडलो, आणि खरी चोरी माझ्या कानात झाली होती.

थोड्या वेळाने मास्तरांचा नेम आठवला. हात लावलास तिथे तारीख टाक. हे काम मास्तरांच्या घरात ऐकत वाढलेल्या माणसाचं असेल तर तारीख टाकल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. पहिल्या पट्टीवर ती असती तर मला दिसली असती. पण त्याने खालच्या पट्ट्यांना हात लावलाच नव्हता. त्याने हात लावला होता वर.

मी पट्ट्यांवरची लाकडी दांडी काढली आणि उजव्या टोकाची शेवटची, अठ्ठ्याऐंशीवी पट्टी उचलली. तिकडे मी एकतीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पट्टीच्या कुशीवर पेन्सिलने बारीक अक्षरात तारखा होत्या, एकाखाली एक, तीन वर्षांच्या. प्रत्येक तारीख माझ्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीची. प्रत्येकीपुढे अर्धी चंद्रकोर आणि तिच्या पोटात टिंब.

७

त्या दुपारी मी हॉलमधला मोठा पियानो लावला. वरच्या अठरा पट्ट्या मी तशाच सोडून दिल्या.

शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या आधीच मी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. किल्लेदाराने दार उघडलं तेव्हा त्याने मला पाहिलं, पण काही न बोलता निघून गेला. मागून ती आली. पिशवीतून तिने कापडात गुंडाळलेली चावी काढली. लाकडी मुठीची, मूठ हाताने काळी पडलेली. मास्तरांची चावी मी लांबूनही ओळखली.

"विकली नव्हतीस तर," मी म्हणालो. अकरा वर्षांनी तोंडातून 'तू' कसं निघालं कुणास ठाऊक.

ती दचकली नाही. "विकली असं मी कधी म्हणाले? तुम्ही विचारलंत तरी कधी?"

"मला का दिली नाहीस?"

"मला हवी होती म्हणून. तुम्ही आणि बाबा मिळून हसला होतात माझ्यावर. बाबा गेल्यावर घरच्या पियानोवर शिकले. आठ वर्षं लागली. हाताची सालं गेली." तिने पट्टी लावलेला तळवा दाखवला. "तीन वर्षांपूर्वी तुमचे वरचे सूर चढायला लागले. मी वहीत लिहिलं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवतंय?"

मी मान खाली घातली. "मग मला तोंडावर सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी चावी ठेवून घरी गेला असतात. स्वभाव माहीत आहे मला तुमचा."

"गेलो असतो तर तुझं काय बिघडणार होतं? आपण बोलत तरी होतो का?"

ती पियानोच्या स्टुलावर बसली. "घरी गेल्यावर माझ्याशी कोण बोलतं, दादा? लहानपणापासून भिंतीपलीकडे कुणीतरी पियानो लावतंय असा आवाज ऐकत मी सराव केला. आधी बाबा, मग तुम्ही. एकच सूर पन्नास वेळा, टंग टंग टंग. लोकांना वैताग येतो त्याचा. तो थांबला की मला फार एकटं वाटतं. तुम्ही गेला असतात तर तिथे कंपनीचा माणूस सहा महिन्यांतून एकदा आला असता. म्हणून मी किल्लेदारांच्या पाया पडले. त्यांनी साफसफाई लिहायचं कबूल केलं."

मी विचारलं, "रेघ दिसली होती ना तुला? पुसून नवी मारली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं."

"पुसणारच होते. पण लपायचाही कंटाळा आला होता."

मी उठून तिच्याजवळ गेलो. खिशातून पाचर काढून तारांमध्ये घातली. "लाव," मी म्हणालो. "मला आज बघू दे."

तिने चावी चढवली. मी मास्तरांकडे शिकलो होतो तशीच, कोपर अंगाशी, मनगट मोकळं. तासाभराने तिने शेवटच्या खुंटीवरून चावी काढली. काटा पाहायला मी यंत्र आणलं होतं. ते मी पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

८

दहा वाजता मी सरांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. हे न सांगता भागलं असतं. ती म्हणालीही, "आपण चालवू की असंच." पण तारीख न टाकणारा चोर.

सर मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जागा एकच आहे, काका."

"मग त्यांचं नाव घाला. माझ्यापेक्षा चांगलं लावतात. मी खालचं आणि मधलं बघीन, त्यांचा मदतनीस म्हणून."

"मदतनीसाची जागा कागदावर नाही."

"मग कागदावर नको. कार्यशाळेतली खुर्ची तेवढी राहू द्या."

सरांनी माझा हात हातात घेतला. ते काही बोलले नाहीत, निदान मला तरी ऐकू आलं नाही.

शनिवारी हॉल भरला होता. दरवेळी मी मागे दाराशी उभा राहतो. या वेळी ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि मलाही बसवलं. पाहुण्याने दीड तास वाजवलं. शेवटची रचना हळूहळू वर चढत गेली, हात उजव्या टोकाला सरकत गेले, वाजवणं बारीक होत होत अगदी शेवटच्या पट्टीवर येऊन थांबलं. तो सूर मला ऐकू आला नाही. हातोडी तारेला लागली तेवढी लाकडाची टक् ऐकू आली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

"लागलाय?" मी विचारलं.

"लागलाय, दादा," ती म्हणाली.

सोमवारी समितीने तिचं नाव मंजूर केलं. दुपारी मी सरांच्या खणातून तक्रारवही मागून घेतली. तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं, माझ्या लाल ओळीखाली जागा होती. तिथे पेन्सिलने लिहिलं: 'कान तपासले. तक्रार खरी होती.' आणि खाली तारीख टाकली.